सव्वा इंच

"सर, साइड स्टँड कापावा लागंल," दस्तगीर मेस्त्री म्हणाले आणि वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिले.

"नको. तेवढं राहू दे."

"राहू दे म्हणून कसं भागंल? गाडी दीड इंच खाली बसली, स्टँड हाय तेवढाच लांब. म्हणजे आता ती डावीकडं कलती ऱ्हायची न्हाई, सरळसोट उभी ऱ्हाणार. वाऱ्याची झुळूक आली तरी पलीकडं आडवी."

"मी जागा बघून लावीन."

"तुम्ही बघून लावाल हो. दुसऱ्या कुणी लावली तर?"

"माझ्या गाडीला दुसरं कोण हात लावतंय?"

मेस्त्रींनी मान हलवली. माझं पटलं म्हणून नाही, गिऱ्हाइकाशी किती वाद घालायचा म्हणून. जाताना ते एवढंच म्हणाले, "कापायचा झाला की या. अर्ध्या तासाचं काम हाय."

माझी उंची पाच फूट तीन. खड्ड्यादगडांतून, घाटरस्त्यांतून जायला ज्या उंच मोटरसायकली असतात, त्यांची सीट माझ्या जवळजवळ कमरेला येते. वर बसलं की दोन्ही पाय हवेत. एक पाय टेकवायचा तर सीटवरून अर्धं ढुंगण खाली सोडून लोंबकळावं लागतं. उपाय तसा सोपा. मागच्या सस्पेन्शनला दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्या थोड्या लांब करून बसवल्या की गाडीचं बूड खाली येतं. पुढचे शॉकही थोडे वर सरकवायचे. आणि स्टँड कापून जोड वेल्ड करून घ्यायचा. कोल्हापुरातल्या निम्म्या बुटक्यांच्या गाड्या मेस्त्रींनी अशा खाली आणल्या होत्या. लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. मला वाटत होती, आणि त्याला जबाबदार मीच होतो.

त्याचं असं झालं की तीन वर्षं दर रविवारी संध्याकाळी शेंडा पार्कच्या माळावर मी नवख्यांना शिकवत होतो, बुटक्या माणसानं उंच गाडी कशी धरावी. एका पायावर कसं थांबायचं, उतार कसा ओळखायचा, सगळं. एरवी मी हायस्कुलात भूमितीचा मास्तर, त्यामुळे तोंड चालवायची सवय होतीच. "गाडी खाली आणू नका, स्वतःला तयार करा!" असं मी दर वेळी ठणकावून सांगायचो. माझ्या मित्रानं, धैर्यशीलनं, ते वाक्य टी-शर्टवर छापून घेतलं होतं आणि वीस-पंचवीस पोरं ते घालून हिंडत होती. मग मी बेचाळिशीत आलो आणि डाव्या गुडघ्यानं असहकार पुकारला. एकदा दसरा चौकात, सिग्नलला, भर गर्दीत मी गाडीसकट आडवा झालो. चार माणसांनी उचललं. मी हेल्मेट काढलं नाही, कुणी ओळखेल म्हणून.

पट्ट्या चाकाच्या आड लपतात. स्टँडवरचा वेल्डिंगचा जोड लपत नाही. आमच्या गाडीवाल्यांची नजर आधी तिथंच जाते. म्हणून स्टँड कापायचा नव्हता.

धैर्यशील इंगवले माझा शाळेपासूनचा मित्र. सहा फूट उंच, हाडापेरानं दणकट. उद्यमनगरात त्याचं शेतीच्या पंपांचं वर्कशॉप होतं, वडिलांनी उभं केलेलं. गाड्यांचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं, पण आमचा घाटांत हिंडणाऱ्यांचा ग्रुप चालवायचा तो. आणि वृषाली पोवार ही त्याची होणारी बायको. चैत्रात साखरपुडा ठरला होता. ती शाहूपुरीत दातांचा दवाखाना चालवायची. उंची जेमतेम पाच फूट. पेशंटच्या तोंडापर्यंत पोचायला पाटावर उभी राहायची आणि हे स्वतःच सगळ्यांना हसत सांगायची. तिनं आपली गाडी मेस्त्रींकडून राजरोस खाली करून घेतली होती. स्टँडच्या जोडावर तिनं लाल नेलपॉलिश लावलं होतं.

"मास्तर, तुमच्या टी-शर्टाचा अपमान झाला असेल तर माफ करा हं," असं ती वर म्हणाली होती. मी हसलो होतो. आणि नंतर माळावर पोरांसमोर तिची गाडी दाखवून म्हणालो होतो, "ही पळवाट झाली." ती तिथं नव्हती, एवढंच.

आता आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे धैर्यशीलचे वडील. पंपाचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. बावन्नाव्या वर्षी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी छोट्या गोष्टी. एकच पंप तीनदा खोलला. वर्कशॉपचं शटर उघडंच टाकून घरी आले. "मी लावलं होतं," असं शपथेवर सांगायचे. मग एके दिवशी रंकाळ्यावर गेले आणि घर सापडेना. शेवटी शेवटी धैर्यशीललाच "तुम्ही कुणाकडचे?" विचारायचे. आबांचे वडीलही तसेच गेले होते म्हणे.

एकदा आबांना भरवून बाहेर आल्यावर धैर्यशील मला म्हणाला होता, "मास्तर, मला घाटाची भीती न्हाई, अपघाताची न्हाई. ह्या एकाच गोष्टीची हाय. आबा म्हणायचे, मी लावलं होतं. त्यांना खरंच तसं आठवायचं, रे. माझं असं सुरू झालं तर मला स्वतःला कळायचं न्हाई. तू सांगायचंस. तोंडावर. गोड न करता."

"काहीतरीच बोलू नको."

"वचन दे."

मी दिलं. हातावर हात मारून दिलं.

गाडी खाली केल्यावर पाच आठवडे मी सांभाळलं. डावीकडे उतार असेल तिथंच गाडी लावायची. सपाट जागा आली तर बुटाच्या टाचेनं माती उकरून खड्डा करायचा आणि त्यात स्टँड टेकवायचा. कुणी विचारलं तर म्हणायचो, सवय आहे. दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागायला लागले होते आणि गुडघा दुखत नव्हता. माळावर शिकवताना मात्र मी मुद्दाम एकच पाय टेकवायचो.

फेब्रुवारीतला रविवार होता. आम्ही तिघं सकाळीच गगनबावड्याला निघालो. ऊन स्वच्छ होतं आणि वर पोचलो तर घाटाच्या तोंडाशी वारा नुसता घोंघावत होता. टपरीवर चहा सांगितला. मी रस्त्याच्या कडेचा उतार बघून गाडी लावली आणि टपरीमागच्या हौदावर तोंड धुवायला गेलो.

तेवढ्यात एसटी आली. तिला वळायला माझी गाडी आड येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी तोंडावरचं पाणी निपटत वळून बघितलं, तर धैर्यशीलनं गाडीचं हँडल धरून ती ढकलत पुढच्या सपाट जागेत नेली होती. त्यानं टाचेनं स्टँड बाहेर काढला, पूर्ण काढला, खट्ट आवाज मला हौदापाशी आला. गाडी त्यावर सोडली. ती उभी राहिली. सरळसोट, मेस्त्री म्हणाले होते तशी.

"थांब, मी लावतो," असं ओरडायचं माझ्या ओठांवर आलं. पण मग तो विचारणार, का? मी विचार केला, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, मी जाऊन हळूच सरकवतो. आणि मी तोंड पुसत बसलो.

वृषाली गाडीच्या पलीकडे, उजव्या अंगाला, दगडी कठड्यापाशी खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. एसटी घरघरत वळून गेली आणि तिच्या मागोमाग वाऱ्याचा एक झोत आला. गाडी उजवीकडे गेली. दोनशे किलोची गाडी. वृषालीची किंकाळी मला अजून ऐकू येते. हे म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणत नाही, खरंच येते.

आम्ही धावलो. धैर्यशील तिच्याजवळ गुडघ्यावर पडला. तिला काखेत धरून ओढायला लागला. मी आणि टपरीवाले मामा गाडी उचलायला वाकलो. गाडी उजव्या कुशीवर पडली होती आणि डाव्या बाजूचा स्टँड वर हवेत होता, पूर्ण बाहेर, सगळ्यांना दिसेल असा.

पुढचं मी केलं ते मी केलं. गाडी उचलता उचलता मी पायानं तो स्टँड आत ढकलला. खट्ट. धैर्यशीलचं लक्ष वृषालीच्या पायाकडे होतं, मामांचं गाडीच्या वजनाकडे. पडलेली गाडी उचलायची तर स्टँड आधी बाहेर काढायचा, नाहीतर ती दुसऱ्या अंगाला कोसळते, हे मीच माळावर शिकवत होतो. आणि मी तो आत घातला. मग मला गाडी टपरीच्या खांबाला टेकवावी लागली.

धैर्यशीलनं वर बघितलं. आधी गाडीकडे, मग स्टँडकडे.

"स्टँड आत कसा?" तो म्हणाला.

मामाच म्हणाले, "बोलायच्या नादात तशीच सोडली असंल पाव्हणं. घटकाभर ऱ्हात्या की उभी. मग वाऱ्यानं गेली."

"मी लावला होता," धैर्यशील म्हणाला. आणि हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याचा चेहरा जो झाला, तो मी बघितला. आबांचेच शब्द होते ते.

वृषालीच्या घोट्याचा चुरा झाला होता. कोल्हापुरात आणून संध्याकाळी ऑपरेशन केलं. प्लेटा बसवल्या. दवाखान्याच्या जिन्यात धैर्यशीलनं मला गाठलं. त्याच्या शर्टाला तिच्या बुटाची माती तशीच होती.

"मास्तर, तू हौदाकडनं बघत होतास. मला दिसलं होतं तुझं तोंड."

"हं."

"मी स्टँड काढला का न्हाई?"

मी खाली बघितलं.

"आणि एक मला कळत न्हाई," तो म्हणाला. "स्टँड डाव्या बाजूला. तो न लावता सोडली असती तर ती माझ्याच अंगावर, डावीकडं पडायला पाहिजे होती. उजवीकडं कशी गेली? मला टाचंचा धक्कासुद्धा आठवतोय. पर आबांनासुद्धा आठवायचंच की शटर." त्यानं माझा दंड धरला. "तू वचन दिलंयस. गोड करू नको. काढला होता का मी?"

दहा पावलांवर वृषालीचे आईवडील बाकावर बसले होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गाडी मी खाली केली, स्टँड लांब होता, तू बरोबर लावलास. पण त्या वाक्याच्या पलीकडे तो चुरा झालेला घोटा होता, आणि ते टी-शर्ट, आणि माळावरची पोरं. मी भ्यालो. सरळ सांगायचं तर एवढंच.

"नव्हता काढलास," मी म्हणालो. "होतं असं. माणसाच्या लक्षात राहत नाही."

त्यानं माझा दंड सोडला. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला. आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्याच दिवशी मी मेस्त्रींकडे गेलो.

"कापा."

त्यांनी गाडीच्या उजव्या बाजूचे ओरखडे बघितले. हँडलची वाकलेली मूठ बघितली. "कुणाला लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

अर्ध्या तासात काम झालं. कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. गरम होता. "ह्यो टाकू नका," ते म्हणाले. का म्हणाले, मी विचारलं नाही. जोडावर मी काळा रंग मारला. पण तो बघायला कुणी उरलं नाही, कारण धैर्यशीलनं महिनाभरात ग्रुप बंद केला. स्वतःची गाडी विकली. आणि चैत्र यायच्या आत ठरलेला साखरपुडा मोडला. कारण कुणालाच सांगितलं नाही. गाव काय, बोलायचं ते बोललं. पोरगी लंगडी झाली म्हणून सोडली, असं.

वृषालीनं दीड वर्षानं लग्न केलं आणि ती इचलकरंजीला गेली. मी आहेर पाठवला, गेलो नाही. धैर्यशीलकडे जाणंही कमी होत होत बंद पडलं. आबा गेले तेव्हा तेवढा गेलो होतो.

सहा वर्षांनी मी गाडी विकायला काढली. बघायला एक कॉलेजचा मुलगा आला, माझ्याच उंचीचा. गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकला आणि स्टँडवर बोट ठेवून म्हणाला, "काका, लोअर केलीय न्हवं ही?"

"हो," मी म्हणालो.

"लई भारी! मी अशीच शोधत होतो. माझा खर्च वाचला की." आणि त्यानं दोन्ही पाय टेकवून गाडीवर बसल्याचा फोटो काढून लगेच मित्रांना पाठवला.

तो गाडी घेऊन गेल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो. मग कपाटाच्या खणातून तो तुकडा काढला, खिशात घातला आणि चालत उद्यमनगरात गेलो.

धैर्यशील वर्कशॉपात एकटाच होता. कानशिलं पिकली होती. मला बघून त्यानं स्टूल पुढे सरकवलं, जसं काही मी कालच येऊन गेलो होतो. टेबलावर एक वही उघडी होती. त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: मोटर बंद केली, ११.२०. पाटलांचा पंप दिला, ११.४५. चहा प्यालो. कपाट लावलं, किल्ली उजव्या खिशात.

"हे काय?" मी विचारलं.

"हिशेब ठेवतो. डोक्याचा." तो थोडा हसला. "दरवर्षी पुण्याला दाखवून येतो. डॉक्टर म्हणतात, अजून काय न्हाई. पर त्यांना काय म्हाईत? सुरुवात कधी झाली ते तुला आणि मला म्हाईत हाय. तू सांगितलंस म्हणून सावध तरी झालो. न्हाईतर वृषालीला फसवलंच असतं मी. आबांना भरवताना आईची दशा बघितलीय मी. तिला ते करायला लावायचं? म्हणून सोडलं तिला. कारण सांगितलं असतं तर ती ऐकली नसती, राहिली असती."

मला स्टुलावर नीट बसता येईना. मी तुकडा काढून वहीवर ठेवला.

त्यानं तो उचलला. बोटांत फिरवला, कापलेली कड अंगठ्यानं चाचपली. पंपवाला माणूस. सवयीनं त्यानं व्हर्नियर घेतला आणि माप लावलं.

"बत्तीस मिलिमीटर. सव्वा इंच. कशाचा रे?"

"माझ्या स्टँडचा. गाडी मी आधीच खाली केली होती, पाच आठवडे आधी. स्टँड कापला नव्हता. तू पूर्ण बाहेर काढला होतास, धैर्या. मी बघितलं होतं. पडल्यावर मी तो पायानं आत घातला."

व्हर्नियर तसाच त्याच्या हातात होता. त्याचे ओठ हलत होते, मनातल्या मनात गाडी उभी करत असावा, स्टँड लांब, गाडी सरळ, वारा डावीकडून.

"म्हणून उजवीकडं पडली," तो म्हणाला.

"हो."

"म्हणून! मी म्हणत होतो न्हवं? मी म्हणालो होतो तुला जिन्यात!" तो उभा राहिला. हसायला लागला, मोठ्यानं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "मला आठवत होतं ते खरं होतं. टाचंचा धक्का. सगळं खरं होतं, मास्तर!" त्यानं माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. ज्याची सहा वर्षं मी वाया घालवली तो माणूस, आणि मलाच मिठी मारायला निघाला होता.

मग त्याचे हात थांबले.

"आणि वृषाली?" तो म्हणाला.

"तिला यातलं काही ठाऊक नाही," मी म्हणालो.

"तिला अजून वाटत असंल, मी तिच्या पायाकडं बघून गेलो." तो हळूहळू खाली बसला. वही मिटली. तुकडा माझ्या हातात परत ठेवला आणि माझी मूठ दाबून बंद केली, जोरात, दुखेल इतकी. "मी सांगितलं तर ती म्हणंल, आता सबबी सांगतोय. तू जायचं. आज. आणि परत येऊन मला काय सांगू नको. माझ्याकडं येऊच नको."

मी इचलकरंजीची एसटी पकडली. पत्ता लग्नाच्या पत्रिकेवर होता, ती मी जपून ठेवली होती. दुपारचे तीन वाजले असतील. खाली दवाखाना, वर घर. दाराबाहेर लहान मुलाची तीनचाकी होती. मी बेल वाजवली आणि तुकडा मुठीत धरून उभा राहिलो.

"आले, आले," आतून वृषालीचा आवाज आला. मग फरशीवरून तिची पावलं दाराकडे येताना ऐकू आली. एक नेहमीचं आणि एक घासत येणारं.